नसलेल्या झाकणाची चोरी

"बोट जरा खाली घ्या, ताई. आणि हसू नका."

टायपिंगवालीने बोट खाली घेतलं. हसत ती नव्हतीच. डोळ्यांवर ऊन आलं की तिचा चेहरा तसा दिसायचा. तिच्या दुकानाच्या पायरीपासून दीड पावलावर फुटपाथला चौकोनी भगदाड होतं, आणि त्याच्याकडे ती बोट दाखवून उभी होती, जणू एरवी ते वाचकांच्या लक्षातच आलं नसतं. वार्ताहराने मोबाइल आडवा धरला, मग उभा धरला, आणि चेहऱ्यावर थोडी व्यथा मागितली. तिने घरात होती तेवढी दिली.

चेंबरचं झाकण कधीच बसवलेलं नव्हतं. खणून, बांधून, मोजमाप लिहून माणसं गेली त्याला सव्वा महिना झाला. तिने वर फळी टाकली, ती कुणीतरी नेली. कुंडी ठेवली, तीही गेली. दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे सासरे राहत. नवरा परगावी नोकरीला. सासऱ्यांना एका डोळ्याने मुळीच दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने सोयीपुरतं. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला, नाहीतर पाय कायमचे आखडतील. चेंबर म्हणत होतं, घरात बसा. सुनेचा हात धरून फिरायला म्हातारा तयार नव्हता. आपल्याला लोक दिसत नसले तरी आपण लोकांना दिसतो, एवढं त्यांना कळत होतं. परवा खुर्चीतून उठायला त्यांना पहिल्यांदा तिचा खांदा लागला.

"आता खुर्चीबरोबर मला पण वर्षातून एकदा पॉलिश मार," ते म्हणाले होते.

वार्ताहराच्या पेपरात 'दणका' नावाचं सदर होतं. आज समस्या छापायची आणि चार दिवसांनी ती सुटल्याची बातमी. सुटली तर उत्तमच. वेळ वाचावा म्हणून दोन्ही बातम्या एकाच बैठकीत लिहून ठेवायची तिथे पद्धत होती. या खेपेस घाईघाईत पहिलीच्या जागी दुसरी लागली. सकाळी टायपिंगवालीने पेपर उघडला तेव्हा चेंबरला झाकण बसलं होतं, परिसरात समाधानाचं वातावरण होतं आणि ती स्वतः पेपरचे आभार मानत होती. फोटो तोच, फक्त खालचं भगदाड कापलेलं. त्यामुळे ती आपल्याच चपलेकडे बोट दाखवत होती, आणि चेहऱ्यावर व्यथा.

कात्रण घेऊन ती वॉर्ड ऑफिसात गेली. अभियंत्याने तेच कात्रण आधीच फाइलला लावलेलं होतं. व्यवस्थित, कडा सरळ कापून. आयुष्यात त्याने सरळ केलेलं ते बहुधा पहिलंच काम असावं.

"झाकण बसलंय," तो म्हणाला.

"नाही बसलेलं, साहेब. येऊन बघा."

"बघून काय करू? छापून आलंय."

तिने वार्ताहराला फोन लावला. तो म्हणाला, चूक झाली खरी, पण दुरुस्ती छापता येणार नाही. परत घेतलेल्या दणक्याला कोण घाबरेल? त्यापेक्षा महिला पुरवणीत तिच्या जिद्दीवर काहीतरी करू. तिने फोन ठेवला.

अभियंता मनाने वाईट नव्हता. मन वापरायची त्याच्यावर वेळच आली नव्हती. त्यानेच वाट काढली. बसलेलं झाकण पुन्हा बसवायला नियम नाही. पण बसलेलं झाकण चोरीला जाऊ शकतं. पोलिसांत तक्रार करा, सापडलं तर तेच बसवू, नाही सापडलं तर वर्षभरात नवीन.

पोलीस चौकीत हवालदाराने झाकणाचं वर्णन विचारलं. लोखंडी, चौकोनी, ती म्हणाली. वजन? असेल तेवढं असेल.

"शेवटचं कुठे पाहिलं?"

"पेपरात."

त्याने तसंच लिहून घेतलं. मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी हवालदार दोन माणसं आणि एक हातगाडी घेऊन आला. हातगाडीवर झाकण होतं. ते चेंबरवर ठेवताच मापात बसलं. हवालदाराने कागद पुढे केला. चोरीचा माल ओळखला, माझ्याच दारातला आहे, इथे सही करा.

झाकणाच्या कडेला ओली माती होती. झाकण नुकतंच कुठूनतरी उपटलेलं असावं तशी. ती तिने नीट पाहिली. आत सासरे खुर्चीच्या हातांवर जोर देऊन आपले आपण उठायचा प्रयत्न करत होते. खुर्ची करकरत होती, म्हातारा बसत होता, पुन्हा उठत होता. तिने सही केली. माती पायाने पुसून टाकली.

पेपरात चौथ्या दिवशी 'झाकणचोरीचा छडा' आला. सासरे पहिल्या दिवशी पानाच्या टपरीपर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी बसथांब्यापर्यंत, आणि मग येताना दोघातिघांशी भांडून येऊ लागले. पाय सुटले होते.

त्याच आठवड्यात दुपारी मागच्या गल्लीतली शिकवणीवाली बाई अर्ज टाइप करायला आली. त्यांच्या दारातल्या चेंबरचं झाकण बुधवारी पहाटे गेलं म्हणे. काल एका विद्यार्थिनीचा पाय आत गेला, गुडघ्यापर्यंत सोलवटला. पोरीची आई आता शिकवणीला पाठवत नाही. बाहेर सासरे झाकणावर काठी टेकून, दम खात उभे होते.

"विषय काय टाकू?" टायपिंगवालीने विचारलं.

"झाकण चोरीला गेल्याबाबत."

तिने टाइप केलं. या सगळ्या प्रकरणातला हा पहिला खरा अर्ज होता, आणि तिने तो एकही चूक न करता टाइप केला. कागद बाहेर येईपर्यंत दोघी मशीनकडे बघत राहिल्या.

"किती दिवस लागतात हो यांना?" बाईने विचारलं.

"तुमच्या पलीकडच्या गल्लीत झाकण आहे?"

"आहे की. का?"

"मग तीन," ती म्हणाली.