समासातली वेळ

हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, नवे सर्जन टाक्यांवर हात बसवायला येतात ती प्रयोगशाळा. तिथे टाकेमावशीला सतरा वर्षं झाली होती. हजेरीच्या वहीत तिचं नाव वेगळं होतं, पण ते वहीपुरतंच. टाकेमावशी हे नाव कुठल्याशा जुन्या तुकडीने ठेवलं. कोणी टाके घालत असलं की ती दोन टेबलं पलीकडून, हातातलं काम न थांबवता सांगायची, "डॉक्टर, तिसरा सैल आहे." डॉक्टर आधी तोंड वाकडं करायचे, मग ओढून बघायचे, आणि टाका अलगद सुटून यायचा. अशी चार-पाच तोंडं सरळ झाल्यावर नाव पडलं ते पडलंच. प्रयोगशाळेचे मोठे सर तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे, पण तेही तिला मावशीच म्हणायचे. तिने त्यांना कधी भाचा म्हटलं नाही, एवढंच.

सकाळी सातला कत्तलखान्याची गाडी यायची. बर्फाच्या पेट्यांतून डुकरांची हृदयं आणि रक्तवाहिन्या. मावशी एकेक धुऊन उजेडात धरायची. कत्तलखान्यातल्या तपासनिसाची सुरी लागून फाटलेलं वेगळं, धड असलेलं वेगळं. मग सहा टेबलांवर सहा ट्रे: कात्र्या डावीकडे, सुई धरायचा चिमटा उजवीकडे, दोरे मोजून. नऊला डॉक्टर यायचे तेव्हा त्यांना वाटायचं, हे सगळं रोज इथे आपोआप उगवतं.

घरी सासूबाईंनी पहिली दोन वर्षं तिला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. "दिवसभर काळजं चिवडते आणि त्याच हाताने मला चहा देते!" पुढे शेजारणीचा मुलगा डॉक्टर होऊन त्याच प्रयोगशाळेत शिकायला आला आणि त्याने घरी जाऊन मावशीचं कौतुक केलं. तेव्हापासून त्याच सासूबाई जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगू लागल्या, "आमची सूनबाई डॉक्टरांना शिकवते."

तर त्या वर्षी प्रयोगशाळेत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, मोठ्या सरांची कडी. दोन रक्तवाहिन्या जोडायच्या तर एरवी केसाएवढ्या दोऱ्याने गोल शिवावं लागतं. मुरलेल्या हातालाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. सरांनी पाच वर्षं डोकं घालून एक इवलीशी प्लास्टिकची कडी बनवली होती. ती एका खास चिमट्याच्या तोंडात ताणून बसवायची. याला ते चिमटा भरणं म्हणत. मग नळ्यांची तोंडं जुळवायची आणि चिमटा दाबायचा. कडी सुटायची, आकसायची, आणि दोन्ही नळ्या घट्ट धरून ठेवायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

कडी किती धरते हे बघायला चाळीस चाचण्या ठरल्या. जोडलेल्या नळीतून पंपाने लाल पाणी सोडायचं, दाब वाढवत न्यायचा, आणि कुठल्या आकड्याला गळती लागते ते टिपायचं. चाचण्या घ्यायचे सरांचे मदतनीस डॉक्टर. माणूस हुशार, पण सदा घाईत. बोलताना दर वाक्याला चष्मा वर सारायचा. चिमटा भरणं, पंप चालवणं आणि आकडा लिहिणं ही मावशीची कामं.

चाळीसपैकी सदतीस कड्यांनी तीनशेच्या वर दाब सोसला. माणसाचं डोकं कितीही तापलं तरी त्याचं रक्त एवढा दाब बघत नाही. पण तीन कड्या गळल्या. एक दीडशेला, एक एकशे चाळीसला आणि एक तर एकशे वीसलाच, म्हणजे आरामात बसलेल्या माणसाच्या अंगात असतो तेवढ्याच दाबाला.

आठ दिवसांनी पाहुणे यायचे होते. कडी बनवणाऱ्या कंपनीचे लोक आणि बाहेरच्या हॉस्पिटलांतले सर्जन. मदतनीस डॉक्टरांनी मावशीला बोलावलं आणि कोरा तक्ता पुढे केला.

"मावशी, चाचण्यांचे आकडे यावर स्वच्छ अक्षरात उतरवून काढा. ते तीन सोडून. मांस खराब होतं त्यांचं."

"मांस मी धुतलं होतं, डॉक्टर. खराब असतं तर टेबलावर आलंच नसतं."

"मग भरताना तुमच्या हातून काहीतरी राहिलं असेल. होतं माणसाकडून."

मावशीला ते झोंबलं. सतरा वर्षांत तिच्या हाताला कोणी नावं ठेवली नव्हती. तिने तक्ता घेतला नाही.

"राहिलं असेल तर तसं लिहा. माझ्या नावानिशी लिहा. पण चाचण्या चाळीस झाल्यात. मी सदतीस उतरवणार नाही."

"मावशी, तुम्हाला कळत नाहीये..."

"असेल. पण मोजता येतं मला."

एवढं बोलून ती शीतखोलीत गेली. आपलाच हात चुकला असेल का? ती जुना तक्ता घेऊन स्टुलावर बसली. छापील तक्त्यात रकाने चारच होते: क्रमांक, तारीख, दाब, शेरा. पण मावशीला वेळ टिपायची खोड होती. चिमटा कधी भरला आणि कडी कधी लावली, हे ती समासात मुंगीएवढ्या अक्षरात लिहून ठेवायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी कधी वाचलंही नव्हतं.

ती बोट ठेवत खाली आली. दोन मिनिटं. तीन मिनिटं. दोन मिनिटं. गळलेल्या पहिल्या कडीशी बोट थांबलं. पस्तीस मिनिटं. त्या दिवशी सरांचा फोन लांबला होता आणि चिमटा भरून तसाच राहिला होता. दुसरी, पन्नास मिनिटं. आगीच्या सरावाची घंटा झाली होती, सगळे खाली अंगणात उभे होते. तिसरी, एक तास दहा मिनिटं. मदतनीस डॉक्टर जेवायला गेले होते ते गप्पांत रमले होते. बाकी सदतीसांमध्ये पाच मिनिटांच्या वर एकही नव्हती.

मावशीचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. हात चुकला नव्हता. चुकली होती ती कडीच.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, सगळा जन्म तारा आणि स्प्रिंगांत गेलेला.

"अहो, एखादी स्प्रिंग ताणली आणि तशीच विसरली तर?"

"कसली आहे? लोखंडाची?"

"प्लास्टिकची."

"मग ती त्या ताणालाच आपलं घर समजते. नंतर सोडली तरी पूर्ण मिटत नाही." त्याने घास तोंडात घातला. "का? लिफ्ट बांधतेस की काय?"

"बांधत नाहीये. पाडतेय."

"काय?"

"सरांचं पाच वर्षांचं काम."

तिने सगळं सांगितलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "तू सांगितलं नाहीस आणि ती कडी कोणाच्या तरी अंगात गेली, तर तुला झोप लागेल?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला? वाढ आणखी."

दुसऱ्या दिवशी सर कोट काढून खुंटीला अडकवत होते तोवर मावशी तक्ता घेऊन दारात उभी राहिली. सरांनी उभ्याउभ्याच ऐकलं. समासातले आकडे वाचताना त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

"तीन चाचण्यांवरून एवढं म्हणता येत नाही, मावशी."

"म्हणूनच म्हणते सर, आत्ता एक भरू. एक तास ठेवू. आणि बघू."

"मला दहाला मीटिंग आहे."

"साडेआठ झालेत."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग ते प्रयोगशाळेत आले. मावशीने त्यांच्यासमोर चिमटा भरला, घड्याळ बघितलं, वेळ लिहिली आणि चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

तास संपता संपेना. सर आधी खिडकीशी उभे राहिले, मग स्टुलावर बसले, मग परत उठले. मावशीने तेवढ्यात सहा हृदयं धुऊन साफ केली. तिला रिकामं बसणं कधी जमलंच नव्हतं.

"मावशी," सर मध्येच म्हणाले, "हिने धरलं तर?"

"तर मी खोटी पडेन, सर. आणि मला बरंच वाटेल."

साडेनऊला सरांनी स्वतः कडी लावली. मावशीने पंप सुरू केला. ऐंशी. शंभर. एकशे वीस. एकशे तीसला जोडाच्या कडेने एक लाल थेंब फुगला, घसरला, आणि मग ट्रेमध्ये धारच लागली.

सरांनी मीटिंग रद्द केली. दिवसभर चिमटे भरले गेले. दहा मिनिटांचे, वीस मिनिटांचे, चाळीस मिनिटांचे. दुपारपर्यंत आंधळ्यालाही दिसावं इतकं स्पष्ट झालं होतं. जितका वेळ ताणून ठेवावी तितकी कडी ढिली.

सरांनी हातमोजे काढले. "ऑपरेशनमध्ये नर्स चिमटा भरून तयार ठेवणार," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "सर्जनला तो कधी लगेच लागेल, कधी तासाने." मग त्यांनी ट्रेमध्ये साचलेल्या लाल पाण्याकडे बघितलं. "तिथे ट्रे नसता, मावशी. माणूस असता."

मदतनीस डॉक्टर दाराशी उभे होते. चष्मा काढून हातात धरला होता. "मावशी, मी उगाच तुमच्या हातावर ढकललं. चुकलो."

"राहू द्या, डॉक्टर. फक्त पुढच्या तक्त्यात वेळेला एक रकाना द्या. समासात फार बारीक लिहावं लागतं हो. डोळे जातात."

पाहुणे ठरल्या दिवशी आले. सर्वांना वाटलं होतं, सर भेट पुढे ढकलतील. सरांनी ढकलली नाही. त्यांनी पाहुण्यांसमोर दोन कड्या लावल्या, एक ताजी भरलेली आणि एक तासापूर्वी भरलेली. पहिलीने तीनशे सोसले. दुसरी सगळ्यांच्या देखत गळली. पाहुणे ट्रेजवळ सरकले. एका पाहुण्या सर्जनने विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

"माझ्या नाही आलं," सर म्हणाले. "आमच्या मावशींच्या आलं. पुढचं त्याच सांगतील." आणि ते टेबलापासून दोन पावलं मागे सरले.

मावशीच्या हातांत ओले हातमोजे होते. तिने ते काढून ठेवले. मग तिने तक्ता टेबलावर पसरला, पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं, आणि बोट खाली सरकत गेलं तसा आवाजही मोकळा होत गेला. चौदा सर्जन एका तक्त्यावर वाकून उभे होते आणि तिच्या बोटामागून डोळे फिरवत होते.

नवं प्लास्टिक सापडायला आणि कडी पुन्हा घडायला दीड वर्ष लागलं. या वेळी चाचण्या नव्वद झाल्या, आणि तक्त्यात वेळेचा ठसठशीत रकाना होता. मावशीने कड्या दोन-दोन तास ताणून ठेवल्या. एकही गळली नाही. त्या कामाचा लेख छापून आला तेव्हा लेखकांच्या यादीत तिसरं नाव तिचं होतं, हजेरीच्या वहीतलं, पूर्ण.

मग सगळ्या परवानग्या मिळाल्या आणि कडी वापरून पहिलं ऑपरेशन ठरलं, हृदयाचं. रुग्ण एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सरांनी मावशीला सांगितलं, "चिमटा नर्स भरेल, तुम्हीच तिला शिकवलंय. पण वेळ बघायला तुम्ही आत हव्यात."

टोपी, मास्क आणि निळा झगा घालून मावशी भिंतीशी एका पायरीवर उभी राहिली आणि सरांच्या खांद्यावरून तिने आत बघितलं. एकोणीस-वीस वर्षांत हजारो हृदयं तिच्या हातांतून गेली होती. कुठली शीर कुठून वळते हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण ती सगळी थंड होती, गप्प होती. हे हलत होतं. गुलाबी, ओलं, आणि आपल्याच नादात धडधडत. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथे चेहऱ्याला हात लावायचा नसल्यामुळे ते पुसताही येईना.

नर्सने चिमटा भरला. दहा वाजून बारा मिनिटं. आणि नेमकं तेव्हाच दुसरीकडून रक्त येऊ लागलं. सर तिकडे वळले. भूल देणारे डॉक्टर झरझर काहीतरी सांगत होते. ते आटोक्यात यायला बराच वेळ गेला. भरलेला चिमटा ट्रेमध्ये तसाच पडून होता.

शेवटी सरांनी मान न वळवता विचारलं, "मावशी, किती?"

"सेहेचाळीस मिनिटं, सर."

"वापरू?"

सगळ्या खोलीचे डोळे तिच्यावर आले. नव्वद चाचण्या तिच्या हातांना पाठ होत्या.

"वापरा," ती म्हणाली.

चिमटा दाबला. कडी मिटली. सरांनी रक्त सोडलं, नळी भरली, फुगली आणि हृदयाबरोबर ठोके देऊ लागली. सरांनी जोडाखाली पांढरं कापड धरलं. एक मिनिट. दोन मिनिटं. कापड पांढरंच राहिलं.

मावशी बाहेर आली तेव्हा बाकावर बसलेला एक चाळिशीचा माणूस धडपडत उठला. मुख्याध्यापिकांचा मुलगा होता.

"डॉक्टर, आई कशी आहे?"

"मी डॉक्टर नाही," मावशी म्हणाली. तिने टोपी काढली आणि ताठ उभी राहिली. "प्रयोगशाळेतली टेक्निशियन आहे. सर येऊन सगळं सांगतील. पण सकाळपासून तुमच्या पोटात काही गेलेलं दिसत नाही. जा, निवांत चहा घेऊन या."