कोस्तुक मास्तरांचं आभाळ

आमच्याकडे चित्र काढायचं म्हणजे आभाळच काढायचं. खाली गव्हाची एक पट्टी, रुळांकाठी धान्याचं लाल कोठार, की संपली जमीन. उरलेला सगळा कॅनव्हास आभाळाचा. हे ओरेस्ट कोस्तुक मास्तरांना जितकं कळलं तितकं कॅनडातल्या आमच्या सास्काचवान प्रांतात कुणालाच कळलं नाही, असं विनिपेग शहरातले शिष्ट लोकसुद्धा म्हणत.

मास्तरांचा बाप युक्रेनहून आलेला, गव्हाचा शेतकरी. पोरगा कोठारावर गाड्यांचं वजन करायला बसला आणि पावत्यांच्या पाठीवर ढग काढत राहिला. तिथून विनिपेगच्या कलाशाळेत गेला, नाव काढलं, आणि परत गावात आला, हे विशेष. त्यांची चित्रं बँकांत लागली, विमानतळावर लागली. तरी दर गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्हा साध्यासुध्या गावकऱ्यांना शिकवायला मास्तर हजर.

शिकवणं असं, की ते हळूच मागे येऊन उभे राहत. "स्तेफा, गहू छान उतरलाय हं. आभाळ जरा बघू?" असं म्हणेपर्यंत माझा ब्रश त्यांच्या हातात गेलेला असे. बघता बघता माझ्या मळकट निळ्याचं लख्ख, उंच आभाळ व्हायचं. मी धन्य! घरी पाहुणे आले की ऐटीत सांगायची, "वरचं मास्तरांनी केलंय." सगळ्यांचं तेच होतं. खालचं आपलं, वरचं मास्तरांचं.

यंदा मास्तर पंचाहत्तरीचे झाले. सुगी संपली की चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण असतं, त्याच दिवशी त्यांचा सत्कार करू, असं मी ठरवलं. घरोघरी फिरून विद्यार्थ्यांची चित्रं गोळा केली. मास्तरांना पत्ता लागू दिला नाही. दुकानात पारास्का हालास भेटली, तिलाही सांगितलं.

"माझं चित्र अर्धंच आहे, स्तेफा."

"अर्धं तर अर्धं. भिंत भरायचीय मला. आण गपचूप."

ती एकच हिवाळा वर्गात आली होती. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिचा भाऊ इल्को शेतात वीज पडून गेला होता. गारपिटीआधी आभाळ झाकोळलं तसा तो घोडे आणायला पळाला, आणि पारास्का अंगणातून बघत राहिली. मग ती एकाएकी वर्गाला यायची बंद झाली. आम्ही म्हटलं, दुःखी आहे बिचारी. जास्त खोलात कोण जातंय!

सत्काराला मास्तर टाय लावून आले. कोबीच्या पानातल्या भाताचा वास हॉलभर सुटला होता. मी चित्रांवरचा पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मास्तर हसत भिंतीशी गेले.

"हे कुणाचं?"

"माझं," मिकोला सुतार म्हणाला. "आभाळ मात्र तुमचं, मास्तर!"

"आणि हे?"

"माझं. वरचं तुमचंच की!"

सगळे हसत होते. मास्तरांचं हसू मात्र थांबलं होतं. मी त्यांच्या मागे होते, म्हणून त्यांना दिसलं ते मलाही दिसलं. भिंतभर चित्रं होती, आणि आभाळ एकच होतं. तोच निळा, तेच उजवीकडे झुकलेले ढग. जणू गावात आजवर एकच दिवस उगवला होता.

"मग यात तुमचं काय आहे रे?" मास्तरांनी विचारलं.

"गहू!" मिकोला म्हणाला, आणि हॉल पुन्हा हसला.

कोपऱ्यात पारास्काचं चित्र होतं. खाली वाकलेला गहू, कुंपण, एक वाट. वर काहीच नाही. कॅनव्हास धाग्यापर्यंत खरवडलेला. मास्तर तिथे थांबले ते हलेनात. जेवणं सुरू झाली तरी त्यांनी ताटाला हात लावला नाही. मी पारास्काला हाताला धरून आणलं. वाटलं, दोन शब्द बोलली तर बरं.

"हे मी खरवडलं होतं ना?" मास्तरांनी विचारलं.

"माझं तुम्ही खरवडलंत. त्यावर निळं काढलंत. ते निळं मी घरी जाऊन खरवडलं."

"हिरवं होतं तुझं आभाळ."

"तुम्ही म्हणालात, डबक्यासारखं दिसतंय. आभाळ असं नसतं म्हणालात."

मास्तरांनी टाय सैल केला. "खोटं बोललो मी, पारास्का. गारांच्या आधी आभाळ तसंच होतं. जन्म इथे गेला माझा, मला ठाऊक नसेल? तुझं आभाळ खरं होतं. माझ्यापेक्षा खरं होतं. ते सहन झालं नाही मला."

एवढा मोठा माणूस खाली मान घालून उभा होता. मला त्यांची दया आली आणि रागही आला. माझ्या दिवाणखान्यातल्या चित्राचाही आला.

"आता काढ," मास्तर म्हणाले. "तुझं तू काढ."

"काढून पाहिलं की! कितीदा! दर वेळी तुमचंच येतं. तो रंगच गेला डोळ्यांपुढून. इल्कोला शेवटचं पाहिलं ते त्या रंगात, आणि आता आठवायला गेलं की तो तुमच्या निळ्याखाली उभा दिसतो."

ती चित्र काखेत मारून निघाली. दारात थांबली. "तुम्हाला आठवतो का तो रंग?"

"रोज," मास्तर म्हणाले.

पुढच्या गुरुवारी पारास्का वर्गात आली. तोच कॅनव्हास मांडला, रंग पिळले. मास्तर समोर स्टूल घेऊन बसले. तिनं ब्रश त्यांच्यापुढे धरला.

"द्या तो रंग कालवून."

मास्तरांचा हात उठलाच होता. तो त्यांनी मागे घेतला आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसले. "नाही. पुन्हा माझंच होईल."

"मग मला कसं कळणार?"

मास्तर नुसते तिच्या रंगांकडे बघत राहिले. पारास्काला राग आला. रागारागात तिनं पिवळ्यात निळा मिसळला आणि मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोरा. थोडा काळा घातला. कोराच. मग गेरू, मग पुन्हा पिवळा. ती आता पॅलेटकडे पाहतच नव्हती, त्यांच्या तोंडाकडे पाहून कालवत होती. आमचे सगळ्यांचे ब्रश थांबले होते.

पांढऱ्याचा एक थेंब पडला आणि मास्तरांचा चेहरा पिळवटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हात मात्र त्यांनी मांड्यांखालून काढले नाहीत.

"हाच?" पारास्कानं विचारलं.

त्यांनी मान डोलावली. तिनं वाकून पॅलेटकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग ब्रश बुडवला आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.