माझं उत्तर नऊशे चाळीस होतं

मी टेबलावरचा कॅल्क्युलेटर बोलतोय. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. एका वेळी एकच आकडा धरायचा आणि बटण दाबलं की विसरायचा, हा माझा जन्मजात स्वभाव. सांगण्यात काही पुढंमागं होत असेल, असा मलाच संशय आहे. राग मात्र जसाच्या तसा आहे.

माझे मालक एका शेअर दलालाच्या कचेरीत कंपन्यांचा अभ्यास करून अहवाल लिहीत. माझी बटणं झिजली ती त्यांच्याच बोटांनी. त्या वर्षी सगळ्यांना एका बड्या तंत्रज्ञान कंपनीचं वेड लागलं होतं. लिफ्टमध्ये अनोळखी माणूससुद्धा तिचा भाव विचारायचा. शेअर होता सव्वीसशेला. नफा वर्षाला अकरा टक्के वाढेल असं धरून मालकांनी तीन दिवस हिशेब केला. मी उत्तर दिलं, एका शेअरची खरी किंमत नऊशे चाळीस.

साहेब आले, वाकून बघितलं आणि हसले. "अकरा? अहो, एवढी तर माझी ढेरी वाढते वर्षाला! तीन हजार लिहायचंय."

"साहेब, पण कुठली कंपनी इतकी वाढत राहते?"

"लोकांचा मूड बघा की जरा. गिऱ्हाइकं पळवून लावताय का?"

त्या कचेरीची रीतच ती. उत्तर आधी ठरायचं, मग ते येईपर्यंत वाढीचा दर चढवत न्यायचा. बावीस. पंचवीस. अठ्ठावीसला तीन हजार आले. अहो, माझ्यावर मूडचं बटण नाही! मला वापरून खोटं बोलायचं आणि वर म्हणायचं, आकडेच सांगतात!

सोमवारी अहवाल निघाला, खाली मालकांचं नाव. त्याच दुपारी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन. नवरा गेल्यावर पंचवीस वर्षं चालवलेलं शिवणाचं दुकान त्यांनी नुकतंच विकलं होतं.

"अरे, तुझं नाव बघितलं बरं का! दुकानाचे सगळे पैसे टाकू का त्यात?"

मालक माझी बटणं उगाच दाबत राहिले.

"बोल की रे शहाण्या. तुलाच कळतं त्यातलं."

"ताई... बघ. तुझं तू ठरव."

मी वीतभर अंतरावर होतो. एक शब्द! 'नको' म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? भिंतीवर तीन-तीन पदव्या, आणि बहिणीपुढं दातखीळ!

दीड वर्षात शेअर हजारावर आला. साहेबांना बढती मिळाली. ताई स्वतःच्याच जुन्या दुकानात, नव्या मालकाच्या हाताखाली, काजं-बटणं करायला बसल्या.

निवृत्त झाल्यावर मालकांनी मला घरी आणलं. बायकोला ते नेहमी सांगत, "ताईनं शेअर आधीच घेतले होते गं. फोन नुसता कळवायला केला होता." इतक्यांदा सांगितलं, की मलाही ते खरं वाटू लागलं.

आता माझा पडदा फिका झालाय, सात नीट उमटत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याचं उत्तर आधी आपल्या माणसाला सांगा. मग खुशाल पुसा.

अहवाल निघाल्यावर नऊ वर्षांनी ताईंनी ते शेअर विकायला काढले आणि खरेदीची पावती घेऊन आल्या. मालकांनी ती माझ्याशेजारी ठेवली. तारीख मी दोनदा वाचली. अहवालाच्याच आठवड्यातला शुक्रवार. फोननंतर ताई चार दिवस थांबल्या होत्या.