उत्तम वाचक केसरीनाथ तरे

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नव्हती, आणि २००६ साली भिवंडीच्या एका वाचनालयाने त्यांना ‘उत्तम वाचक’ म्हणून शाल-श्रीफळ दिलं. यात चूक कुणाची म्हणाल, तर माझीच.

मला गोष्टींचं वेड लहानपणापासून. माहेरी मानकोलीला शाळेत पत्र्याच्या पेटीत चाळीस पुस्तकं होती, सहावीपर्यंत ती सगळी मी तीनतीनदा वाचली. मग लग्न होऊन कोनला आले. माणसं जिवाला जीव देणारी, पण घरात छापील कागद म्हणाल तर कॅलेंडर. त्याच्या मागचं राशिभविष्यसुद्धा मी पाठ केलं. सुनांनी भिवंडीला जायचं ते डॉक्टरकडे, नाहीतर लग्नाच्या साड्या घ्यायला. पुस्तकासाठी जाते म्हटलं असतं, तर सासूबाईंनी, म्हणजे जानकीबाईंनी, घर डोक्यावर घेतलं असतं.

बाबा, म्हणजे सासरे, मात्र दर मंगळवारी दोस्ताच्या दुकानात गप्पा मारायला भिवंडीला जात. दुकानासमोरच वाचनालय. मी भीतभीत विचारलं, तर गडी लगेच तयार. स्वतःच्या नावाचं कार्ड काढलं आणि पहिलंच पुस्तक विटेएवढं जाड आणलं. “दोन हप्ते पुरंल,” म्हणाले. कार्डावर लिहिलं होतं, ‘सभासदाने स्वतःच्याच वाचनासाठी वापरावे.’ ती ओळ आम्ही दोघांनी वाचली आणि दोघांनीही वाचली नाही.

एकदा त्यांनी मंगळवार बुडवला. माझ्या हातात पुस्तक नाही, जिवाला चैन नाही. तेव्हा मला युक्ती सुचली. दुपारी जेवायला बसले, की मी वाचलेली गोष्ट त्यांना सांगायची, पण शेवट राखून ठेवायचा. “शेवट मंगळवारी. आधी नवीन पुस्तक आणा.” त्यानंतर एकही मंगळवार बुडाला नाही. सासूबाई आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसत आणि “रिकामे धंदे” म्हणून पुटपुटत. एकदा निवडलेले तांदूळ त्या पुन्हा का निवडतात, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

अशी पाच वर्षं गेली आणि घरी पत्र आलं. वर्षात सर्वांत जास्त पुस्तकं नेणारे सभासद श्री. केसरीनाथ तरे यांचा रविवारी सत्कार. बाबांना घाम फुटला. मी चार ओळींचं भाषण लिहून पाठ करून घेतलं. “तू समोर बस. इसरलो तर व्हट हलव,” म्हणाले. सत्कार घरच्या कर्त्याचा, म्हणून मलाही परवानगी मिळाली.

मी वाचनालयात पाऊल टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. कपाटंच कपाटं. मी खुर्चीत बसले खरी, पण मान सारखी त्या कपाटांकडे वळत होती. पाच वर्षं मी इथलीच पुस्तकं वाचत होते आणि या खोलीला मी माहीत नव्हते, याचं मला एकदम रडू आलं.

चार ओळी बाबांनी झकास म्हटल्या. टाळ्या पडल्या. तेवढ्यात ग्रंथपाल हिरामण सर म्हणाले, “तरेकाका, सध्या काय वाचताय ते सांगा की.” हे काही पाठ केलेलं नव्हतं. पण बाबांचा चेहरा उजळला.

“येक खलाशी हाय. बोटीवर जातो, बोट बुडते. धा वरसं कुनाला पत्ता न्हाय. मंग येक दिस तो गावात येतो. सांजवेळ हाय, घरात दिवा हाय. दाराशी येतो आनि बगतो, त पायरीवर बाप्यामानसाच्या वहाणा!”

पहिल्या रांगेतल्या बाईंना राहवेना. “मग?”

बाबा थांबले. माझ्याकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण अख्खा शेवट नुसते ओठ हलवून कसा सांगणार?

“मना ठाव न्हाय,” बाबा म्हणाले. “सून मंगळवारशिवाय शेवट सांगंत न्हाय.”

हशा पिकला. बाबांनी माइक सोडला नाही. “खरं सांगतो साहेब, वाचनारी ती. मी नुसता हमाल. शाल तिला द्या.”

हिरामण सर हसले, पण माणूस नियमाचा. “काका, मग हे कार्ड मला रद्द करावं लागेल. सूनबाईंनी स्वतःच्या नावाचं काढावं, आणि दर वेळी स्वतः येऊन सही करावी.”

स्वतः येऊन! त्यापेक्षा चंद्रावर जायला सांगितलं असतं तर बरं. रिक्षात बसताच बाबा माझ्याकडे वळले. “चुकला माजा, भाविका,” ते म्हणाले. शेवट त्यांनी विचारला नाही. पुस्तकच येणार नाही, तर कुठल्या तोंडाने विचारणार?

घरी त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदळाचं सूप मांडीवर घेऊन ऐकत राहिल्या. मी आत जायला वळले.

“थांब,” त्या म्हणाल्या. “मंगलवारचा सयपाक मी करीन. तू जा भिवंडीला.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “पन आदी मना सांग, त्या वहाणा कुनाच्या व्हत्या?”

मी पहिल्यांदाच मंगळवारच्या आधी शेवट सांगितला. “त्याच्याच होत्या, आई. घरात पुरुष आहे असं लोकांना वाटावं, म्हणून बायको दहा वर्षं रोज पुसून पायरीवर ठेवत होती. त्यालाच ओळखू आल्या नाहीत.”

बाबांनी डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. सासूबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“मना वाटलाच व्हता,” त्या म्हणाल्या. “येताना जाडसं आन.”