बोलण्याने उगवणारा बंध

माझ्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण एका वाक्यात सांगता येत होते: ही दोन पॉलिमर एकमेकांत मिसळत नाहीत. अवरक्त वर्णपटात दोघांची शिखरे अबोला धरलेल्या जावांसारखी आपापल्या जागी उभी होती. पण माझे मार्गदर्शक विभागप्रमुख असल्यामुळे ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याची सवय त्यांना उरली नव्हती, मग ते निसर्गाने दिलेले का असेना.

एका सकाळी ते यंत्रावर ओणवून मार्गदर्शन करू लागले आणि पडद्यावर एक नवे शिखर उगवले.

“अगं, बंध! जुळले दोघं!”

“सर, तो कार्बन डायऑक्साइड आहे. नमुन्याच्या कप्प्याचं झाकण मोडलंय, तुमचा श्वास किरणांच्या वाटेत येतोय. तुम्ही बोलायचं थांबलात की शिखर उतरेल.”

हा पडताळा घेता आला नाही. त्यासाठी लागणारी शांतता विभागात उपलब्ध नव्हती.

“प्रकरण बदल,” सर म्हणाले. “नवा बंध लिही. नाहीतर माझी सही विसर.”

आता माझी सारी भिस्त बाहेरच्या परीक्षकांवर होती. वर्णपट वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, अशी ख्याती होती. ते सरांचे व्याही आहेत, ही माहिती ख्यातीत नव्हती. ती परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारातल्या गळाभेटीने पुरवली.

तरी त्यांचा पहिलाच प्रश्न नेमका होता. “वजा करायची ती नुसत्या हवेची नोंद कधी घेतली होती?”

“खोलीत कोणी नसताना,” मी म्हणाले.

ते किंचित हसले. त्यांना सगळे कळले होते, हे मी शपथेवर सांगेन. ज्ञान माणसाला कोठवर नेते आणि कोठे सोडून देते, हे मात्र मला पुढच्या मिनिटात कळले.

“बघा, व्याहीबुवा!” सर यंत्रावर वाकले. शिखर वर आले.

“अहाहा! काय ते रूप!” परीक्षकही वाकले. शिखर दुप्पट झाले.

“हा तुमचा हातगुण!”

“छे छे, पुण्याई तुमची. पण माझ्या वेळी जरा जास्त उंच आलं, नाही?”

मी अत्यंत नम्रपणे बोलले. “सर, एवढा मोठा शोध एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या शेपटीला बांधणं शोभेल का? तो तुम्हा दोघांच्याच नावावर यायला हवा.”

दोघे विद्वान गप्प झाले. पडद्यावरचे शिखर हळूहळू ओसरून सपाट झाले. पाहणारी मी एकटीच होते.

“पोरगी समजूतदार आहे,” परीक्षक म्हणाले.

“मग हिच्या प्रबंधात आपला बंध नको,” सरांनी ठरवले. “तुझं जुनंच प्रकरण राहू दे.”

‘मिसळत नाहीत’ या निष्कर्षाखाली दोघांनी सह्या केल्या. वर काय लिहिले आहे ते वाचायला त्यांना सवड नव्हती. शोधावर पहिले नाव कोणाचे, हा प्रश्न निघाला होता, आणि सरांनी परीक्षकांना ‘व्याहीबुवा’वरून ‘हे बघा’वर आणले होते.