गॅरेजच्या दाराशी टांगलेली किल्ली

मित्रांनो, जिच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत आणि जिला फिरवण्याची आता फारशी कोणाला गरज उरलेली नाही, अशी मी एक जुनी किल्ली आहे. सरोवराकाठच्या डुलुथ या बंदरगावच्या चढणीवरील एका घरात, स्वयंपाकघरातून गॅरेजकडे जाणाऱ्या दाराच्या चौकटीवर, एका खिळ्याला मी लोंबकळत असते. ही कहाणी माझ्या कर्तबगारीची नाही, माझ्या हेव्याची आहे. आणि हेवा सांगायचा तर पुरता सांगावा; अर्धा सांगितला की तो तक्रारीसारखा दिसतो.

कारखान्यात पितळी पट्टीवर खाचा पाडून मला घडवले आणि एका निळ्या पिकअप ट्रकशी माझी गाठ बांधली. तो ट्रक घेतला रेइनो कांगस याने. रेइनो बंदरावर जहाजांत लोहखनिज भरण्याच्या कामावर होता. त्या गडगडाटात चाळीस वर्षे काढून त्याचे कान गेले, बोटे मात्र शाबूत राहिली. जानेवारीत सरोवरावरून वारा सुटे आणि पारा शून्याखाली तीस अंशांवर जाई, तेव्हा तो मला आधी ओठांशी धरून श्वासाची ऊब देई आणि मगच कुलपात घाली. इंजिन पहिल्याच फिरकीला धडधडू लागले की सोबतचे कामगार म्हणत, रेइनोच्या किल्लीला थंडी वाजत नाही. मुलगी कारीना सोळा वर्षांची झाली तेव्हा त्याने मला तिच्या हाती दिले. गॅरेजचे मोठे दार उघडल्यावाचून मला फिरवायचे नाही, हा पहिला धडा. बंद जागेत इंजिनाचा जो वायू साचतो त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेला माणूस त्यात झोपेतच जातो, असे त्याने तिला बजावले होते.

मग तीन वर्षांपूर्वी घरात नवी मोटार आली, आणि तिच्याबरोबर ते बटण.

बटण मी पाहिले नव्हते, फक्त ऐकले होते. माझ्या शेजारच्या वाडग्यात त्याची हस्तक, एक काळी गुळगुळीत डबी, येऊन बसली. तिला कुलपात घालावे लागत नाही, फिरवावे लागत नाही. ती खिशात असली की पुरे, बटण दाबताच इंजिन सुरू. रेइनोची बायको हेल्मी हिची बोटे संधिवाताने वाकली होती. मला फिरवताना तिला कळ येई, हे मला ठाऊक होते. पहिल्या दिवशी नवी मोटार चालवून आल्यावर ती म्हणाली, "आज कितीतरी वर्षांनी मी कोणाला न विचारता दुकानात जाऊन आले." मला तिच्यासाठी आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ट्रकची गॅरेजातली जागा त्या मोटारीला मिळाली, ट्रक रस्त्याकडेला बर्फात उभा राहू लागला, आणि मी सवतीमत्सराने काळवंडले.

माझ्यापाशी एकच मुद्दा होता आणि मी तो मनातल्या मनात रोज मांडत असे. मला काढून घ्यायचे तर इंजिन बंद करावेच लागते. माणूस मला हातात घेऊन घरात आला, याचा अर्थ इंजिन थांबले आहे. हा माझा सद्गुण नव्हे, ही माझी रचना आहे. आणि रचना सद्गुणापेक्षा अधिक भरवशाची असते. बटणाला हे साधत नाही. माणूस डबी खिशात घेऊन निघून गेला तरी इंजिन चालूच राहू शकते. एक दिवस ते चुकेल आणि मी ते पाहीन, ही माझी आशा होती.

तो दिवस फेब्रुवारीत आला. दोन दिवस बर्फ पडून थांबला होता. दोघे दुपारी बाजारहाट करून परतले. हेल्मी दुधाचे डबे घेऊन पुढे आली. रेइनोने दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या आणि कोपराने भिंतीवरची कळ दाबून मोठे दार लावून घेतले. इंजिन थांबवायला बटण पुन्हा दाबायचे राहिले. डबी खिशातून दूर चालली तशी मोटारीने तीनदा पिपाणी वाजवली; पण त्याच्या कानांना ती कशी पोहोचावी? हेल्मी गॅरेजच्या माथ्यावरच्या खोलीत निजायला गेली. रेइनो स्वयंपाकघरात खुर्चीवरच पेंगला. भिंतीवरचे वायूचा इशारा देणारे यंत्र सारखे टिकटिकते म्हणून त्याची बॅटरी हेल्मीने हिवाळ्यापूर्वीच काढून ठेवली होती.

इंजिनाची थरथर चौकटीतून माझ्यापर्यंत येत होती. आणि मित्रांनो, मी सुखावले. आता पेट्रोल संपेल, उद्या मोटार हलणार नाही, रेइनो बटणाला शिव्या देईल आणि मला खिळ्यावरून उतरवील, अशी चित्रे मी रंगवत बसले. बराच वेळ गेल्यावर मला कारीनाचा तो पहिला धडा आठवला. वर हेल्मी झोपली होती. मी किल्ली, मला ना आवाज, ना पाय. माझा आनंद जागच्या जागी थिजला.

इतक्यात पुढच्या दारावर धडाधड ठोके पडले. शेजारचा ऑर्व्हिल फावड्याच्या दांड्याने दार बडवत होता. बर्फ सारणारी गाडी कोपऱ्यावर आली होती.

"तुझं ते निळं धूड हलव, रेइनो," तो आत येऊन रेइनोला हलवत ओरडला. "नाहीतर बर्फ वितळल्यावर एप्रिलातच सापडेल. आणि तोंड असं लाल का झालंय तुझं?"

रेइनो खुर्चीवरून उठला. तो झोकांड्या खात चौकटीपाशी आला आणि मला खिळ्यावरून काढताना तोल सावरायला दुसरा तळवा गॅरेजच्या दारावर टेकला. तिथेच तो थबकला. जे कानांना कळले नव्हते ते तळव्याला कळले.

"हेल्मी वर आहे," तो म्हणाला. "तिला बाहेर काढ. पळ."

ऑर्व्हिल जिन्याकडे धावला. रेइनोने श्वास कोंडून दार उघडले, भिंतीवरची कळ दाबून मोठे दार वर घेतले, मोटारीत अर्धा वाकला आणि मी ज्या मुठीत होते त्याच मुठीने त्या बटणावर प्रहार केला. माझी दाढ बटणाच्या पाठीत रुतली. अशी आमची पहिली भेट. इंजिन थांबले.

हेल्मीला ओसरीच्या पायरीवर, बर्फात, घोंगडीत गुंडाळून बसवले. तिला वांत्या झाल्या, मग ती रडली. तिला इस्पितळात प्राणवायू द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी दोघे घरी आले. ट्रक खांद्यापर्यंत बर्फात गाडला गेला होता. रेइनो बटणाला बोल लावत होता; त्याची आता हकालपट्टी होणार, याची मी वाट पाहू लागले. हेल्मी मात्र कॉफी ओतताना म्हणाली, "त्याला कशाला दोष देतोस? ते तर पिपाणी वाजवतं. आणि यंत्राची बॅटरी मीच काढली."

"मला ऐकू येत नाही ना."

"मग हात लावून बघत जा, म्हातारबा. हात तर आहेत ना धड?"

तेव्हापासून इशारायंत्रात नवी बॅटरी आहे, आणि रेइनो मोटारीतून उतरण्यापूर्वी तळवा टेकून थरथर थांबल्याची खात्री करतो. मित्रांनो, तुमच्या घरी किल्ली असो वा बटण, उतरताना घटकाभर थांबा आणि यंत्र खरोखर निजले आहे ना ते पाहा. घरच्या वडीलधाऱ्यांनाही विचारा. वस्तू चुकली म्हणून हसण्यात जो वेळ जातो, तो मी एकदा घालवला आहे. त्याची लाज मला अजून वाटते.

आणि हेव्याचे म्हणाल, तर तो गेला नाही. कारीना परवा सांगत होती, बटणावर माझ्या दाढेचा ओरखडा उमटला आहे, आणि इंजिन बंद केल्यावर बाबा दर वेळी त्यावरून अंगठा फिरवतात. ओरखडा माझा, अंगठा बटणाच्या वाट्याला.