लिडियाचं घड्याळ आणि उकळतं पातेलं

घोडेगावच्या अलीकडे ओढ्यात बैलगाडी रुतली, तेव्हा लिडिया नर्सबाई खाली उतरून चाकाला खांदा देऊन मोकळी झाली. मिशनच्या दवाखान्याने तिला पहिल्यांदाच एकटीला बाळंतपणाला धाडलं होतं. चिखलाची पर्वा करायला वेळ होता कुणाला? साळूबाईंच्या दारात पोचली तेव्हा मनगटावरच्या घड्याळाची काच चिखलाने पार लिंपली होती.

घड्याळ भाऊ फिलिपने लढाईवरून आणलेलं. देताना त्याने दहादा बजावलं होतं, "चार शिंतोड्यांनी याचं काही बिघडत नाही. पण बुडवलंस की संपलं." साळूबाईंची सून मनकर्णा मागच्या खेपेला रक्त जाऊन मरता मरता वाचली होती. या खेपेला तिची नाडी पळायला लागली तर ते वेळेवर कळायला हवं होतं, आणि त्यासाठी सेकंदकाटा दिसायला हवा होता.

लिडियाने घड्याळ काढून ताटात ठेवलं. हात धुवायला साळूबाईंनी पाण्याची धार धरली, तीही इतकी उंचावरून की ख्रिस्ती माणसाचा हात तांब्याला चुकूनही लागू नये. लिडियाला राग आला, पण तो गिळायची तिला सवय होती. "ताटातलं सगळं उकळा मावशी," ती म्हणाली, आणि इथेच घोटाळा केला. कात्री आणि दोऱ्याशेजारी त्याच ताटात घड्याळ होतं, आणि साळूबाई सांगितल्या कामात तिळभर कसूर करणाऱ्या नव्हत्या.

वळून पाहते तो कात्री पातेल्यात गेलेली आणि घड्याळ चिमट्यात, वाफेवर.

"मावशी, थांबा. ते नको."

"तुमीच म्हनला न्हवं, सगळं?"

लिडियाचे हात आता स्वच्छ होते. चिखलाला शिवली तर पुन्हा सारं धुणं आलं, आणि आत मनकर्णाच्या कळा वाढल्या होत्या. ती जागेवरूनच सांगू लागली. "मी सांगते तसं तुम्हीच करा. आधी बाजूची चावी आत दाबा, नाहीतर तिथून पाणी शिरेल. कापडी पट्टा सोडा, तो साबणाने खुशाल धुवा. आता फडकं भिजवा आणि पिळा. अजून पिळा, थेंब गळता कामा नये. चिखल खरवडू नका, काच चरेल. ओल्याने टिपून घ्या. आता कोरड्याने पुसा."

देवाचा टाक पुसावा तशा साळूबाई पुसत होत्या. मग त्यांनी घड्याळ कानाशी नेलं. "चालतंय," त्या म्हणाल्या, आणि चेहरा खुलला.

थोड्याच वेळात मुलगी झाली. तिने आल्या आल्या घर डोक्यावर घेतलं, पण मनकर्णाला रक्त जाऊ लागलं आणि ती पांढरी पडली. लिडियाचा एक हात तिच्या पोटावर, दुसऱ्याची बोटं नाडीवर. "घड्याळ धरा माझ्यासमोर." साळूबाई खांद्याला खांदा लावून बसल्या. नाडी पळत होती. लिडिया पोट दाबून चोळत राहिली. काटा फिरला, पुन्हा फिरला. हळूहळू रक्त थांबलं, नाडी ठिकाणावर आली.

"वाचली," लिडिया म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

हात धुताना साळूबाईंनी धार जवळून धरली. मग लिडियाचं मनगट हातात घेऊन आपल्या पदराने पुसलं. धुऊन वाळत टाकलेला घड्याळाचा पट्टा चाचपून पाहिला.

"अजून ओला हाय," त्या म्हणाल्या. "आत चुलीपाशी बसा, तितं लवकर वाळंल. मी भाकरी टाकते."